पारदर्शक झाकणाची डबी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज दहा ओळी, त्याही उजव्या हाताने. प्रियदर्शिनी मॅडमचा हुकूम आहे. बोईसरला त्यांच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी रबरी चेंडू दाबतो, पिठाचा गोळा मळतो, दोरीवर कपड्याचे चिमटे लावतो आणि परत काढतो. चाळिशीतला माणूस, तारापूर एमआयडीसीत सोळा वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर, आणि चिमटे लावतोय! आज म्हणाल्या, "केदार, आता लिहायला लागा." म्हटलं, काय लिहू? मी काय लेखक आहे? तर म्हणाल्या, "काही सुचलं नाही तर त्या दिवशी कोणी तुमचं भलं केलं ते लिहा. भांडणं लिहू नका, पेन फार दाबला जातो."

दिवाळीनंतर पाम गावच्या वळणावर रेतीवरून बाईक घसरली. कोपर मोडलं. हाड जुळलं, पण नस दुखावली. अंगठा आणि पहिलं बोट असून नसल्यासारखी. कधी जोर येतो, कधी मधेच पळून जातो. कंपनीने स्टोअरमध्ये खुर्ची दिलीय, बसून सामान मोजायला. ते जमतं. गिटार मात्र कपाटावर चढवून ठेवली ती ठेवली. लग्न-हळदीला वाजवणाऱ्या विश्रामच्या बेंजो पार्टीत बारा वर्षं वाजवली. आता नाही.

आजचं भलं: हेमालीने माझ्या शर्टाची बटणं लावली आणि माईसमोर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बायको असावी तर अशी. अक्षर पाहून कोंबडीलासुद्धा लाज वाटेल. संपल्या दहा ओळी.

८ फेब्रुवारी, शनिवार

जागृतीचं पक्कं झालं. मुलगा वाणगावचा, दर्पण. लग्न अक्षय्य तृतीयेला, हळद आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याच अंगणात. बाबा नाहीत, माईला एकटीला झेपणार नाही, तेव्हा बहिणीचं सगळं माझ्यावर. आनंद आहे, पण पोरीने संध्याकाळी जो तमाशा केला तो लिहायलाच हवा. मॅडमची माफी मागून पेन दाबतो.

विश्राम नवापूरहून आला होता, हळदीला पार्टी कधी आणायची ते विचारायला. कॅसिओ तो वाजवतो, पार्टीचा मालकही तोच. म्हणाला, "तारीख लिवून घेतली. गिटारला मेहुल हाय आता, चिंता नाय." मेहुल म्हणजे बोईसरच्या टाइल्सच्या दुकानातला. मी पडलो तेव्हापासून माझ्या जागेवर तोच उभा राहतो.

जागृती चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "मेहुल नको. दादा वाजवणार. दादा वाजवणार नसेल तर बेंजोच नको. बायका धवल्याची गाणी म्हणतील, तेवढ्यात लावा मला हळद."

माई तडकली. "याड लागला काय तुला? बेंजोशिवाय हळद? गावात तोंड दाखवाचं हाय आमाला!"

"मग दादाला सांग," म्हणाली आणि आत निघून गेली.

मी सगळ्यांसमोर माझा लुळा अंगठा दाखवला. कोणी बघितलंच नाही. विश्राम चहाचा कप न्याहाळत बसला, जसं काही त्यावर नाव कोरलंय. लहानपणापासून हट्टी आहे ही पोरगी. माझ्या दुखण्याची हिला काही पडलेली नाही.

आजचं भलं: चहा चांगला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गिटार खाली काढली. धूळ पुसली. दार लावून घेतलं आणि वाजवायला बसलो. चाल सगळी डोक्यात शाबूत आहे, डाव्या हाताची बोटं बरोबर पडतात. पण उजवा हात! एक सूर गावभर आणि पुढचा माझ्या पोटापुरता. अंगठ्याने तार छेडायची तिथे नुसता स्पर्श होतो. ऐकणाऱ्याला वाटेल की वायर लूज आहे. रडू आलं. आलं तर आलं.

त्यात दार ढकलून मेहुल उभा. केबल द्यायला आलो म्हणाला. मी केबल मागितली नव्हती. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. मला वाटलं आता म्हणेल, राहू द्या केदारभाई, मी वाजवतो. पण तो म्हणाला, "कंप्रेसर लगाओ ना, केदारभाई."

मागून माई म्हणाली, "फ्रीजचा?"

मग त्याने सांगितलं. गिटार आणि अँपच्या मधे लावायचं पेडल असतं. जोराच्या सुराला ते दाबतं आणि हळू सुराला वर आणतं, म्हणजे सगळे सूर एका उंचीवर येतात. त्याच्याकडे एक आहे, तो म्हणाला, घेऊन जा. मी म्हटलं, नको. ज्याने माझी जागा घेतली त्याचीच डबी लावून माझ्या बहिणीच्या हळदीत वाजवू? सोळा वर्षं प्रेशर आणि लेव्हल एका रेषेत धरून ठेवण्याची रोजी खातोय. स्वतःची करीन.

तर भलं लिहायचं म्हणजे हेच, की आयडिया चांगली दिली. माणूस आगाऊ असला तरी.

२३ फेब्रुवारी, रविवार

दहा-अकरा दिवस लिहिलं नाही, कारण हात कामात होता. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, सोल्डरिंग हा तर लिहिण्याहून चांगला व्यायाम.

सर्किट सोपं आहे. गिटारचा आवाज आला की आत एक छोटा एलईडी पेटतो. त्याच्या तोंडासमोर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की वाट मोकळी करून देणारा पार्ट. आवाज जितका मोठा तितका एलईडी जास्त पेटतो, आणि तितकाच आवाज एलडीआर अर्थिंगला सोडून देतो. मग जे उरलं ते सगळं मिळून वाढवायचं. झालं!

एलडीआर बाजारात मिळाला असता, पण आपल्या वाडीतल्या दिव्याला आपोआप चालू-बंद होण्याचा जो स्विच आहे त्यातला काढला. आता वाडीतला दिवा दिवसरात्र जळतो आणि माई मला दिवसरात्र बोलते.

उजव्या हातात सोल्डरिंग गन थरथरते. गन डाव्या हातात घेतली, पण मग सोल्डरची तार कोणी धरायची? हेमालीने धरली. कसली स्थिर धरते! एकदा गन सरकली आणि तिच्या बोटाला लागली. मी विचारलं, भाजलं का? म्हणाली, "नाय, थंडच होती." थंड गनने सोल्डर वितळला असता का? पण ती म्हणते तर नसेल भाजलं.

१ मार्च, शनिवार

डबी झाली!

काम एक नंबर केलंय, मला स्वतःलाच सांगायला लाज नाही. एलईडी आणि एलडीआर तोंडाला तोंड लावून वर पारदर्शक स्लीव्ह चढवली, आत टॅगची चिठ्ठी, जशी आम्ही प्लांटमध्ये प्रत्येक वायरला घालतो. आणि सगळं बसवलं पारदर्शक झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये. आमच्या पहिल्या सुपरवायझरने शिकवलेला नियम आहे, झाकण न उघडता आतलं काम दिसलं पाहिजे. ज्याचं काम स्वच्छ तो झाकण काळं लावत नाही. एकेक वायर कंगव्याने विंचरल्यासारखी सरळ आहे. हेमाली म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवा.

आतल्या खोलीत लावून पाहिली. देवा रे! लुळ्या अंगठ्याचा सूर चक्क ऐकू आला. बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहिला. मी हेमालीचा हात धरला तर ती "अहो, दार उघडं आहे" म्हणाली.

आज कोणाचं भलं लिहू? सगळ्यांचंच. ज्याने एलईडी शोधला त्याचंही.

५ मार्च, बुधवार

अडचण. मोठा फटका मारला की पुढचे दोन-तीन सूर बुडतात आणि मग सावकाश वर येतात. डबी एकदा दचकली की सावरायला वेळ घेते. कपॅसिटर मोठा झालाय. छोटा लावला तर सूर सळसळायला लागला. मधला लावला. आता ठीक.

दुसरी अडचण कळेना. कौतुकाने डबी ओटीवर नेली, सकाळचं ऊन होतं, जागृती ऑफिसला निघाली होती, म्हटलं तिला ऐकवू. आवाज एकदम खाली! आत आणली, परत बरा. ओटीच्या बोर्डात व्होल्टेज कमी असणार. तो बोर्ड बाबांच्या काळातला. आतल्या अँपचा गेन थोडा वाढवून ठेवलाय.

जागृतीने ओटीवरचा तो मेलेला आवाज ऐकला आणि म्हणाली, "भारी दादा!" हिला संगीतातलं काही कळत नाही.

१६ मार्च, रविवार

पहिली प्रॅक्टिस. विश्रामच्या घरामागे जाळी ठेवायची खोली आहे, तिथे. एक पिवळा बल्ब, सुकटीचा वास आणि आम्ही. किती महिन्यांनी!

मेहुलही आला होता, गिटार घेऊन. मी विश्रामला बाजूला घेऊन विचारलं, याला कशाला? विश्राम म्हणाला, "आसू दे रं. दोन गिटारी आसल्या तर हळद भरल्यासारी वाटते."

वाजवलं. आणि काय सांगू, मजा आली! सगळी चाल अशी गोल गोल आली की एकही सूर सांडला नाही. अंगठा कुठे राहिला, कुठे लागला, मलाच कळलं नाही. डबीने कमाल केली. विश्राम डोळे पुसत होता, म्हणाला सुकटीचा खार गेला डोळ्यांत.

मेहुलचं मात्र मला कळत नाही. पूर्ण वेळ माझ्या समोर बसून माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. डोळा म्हणून हलवला नाही. बोटं चोरतोय बहुतेक. आणि त्याची स्वतःची गिटार तर ऐकूच येत नव्हती, नुसता अधूनमधून टुणटुण करत होता. निघताना म्हणतो, "बिनधास्त वाजवा केदारभाई. मी आहे." मी आहे म्हणे! कोण विचारतंय.

तरी मॅडमचा नियम पाळतो. परत येताना माझी गिटार त्याने उचलून बाईकला बांधून दिली.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उजव्या हाताने बांधली. गाठ सुटली नाही. माईने गुढीपेक्षा माझ्या हाताकडेच जास्त बघितलं.

प्रॅक्टिस छान. डबीत आणखी एक बदल केला, पुढे एक नॉब दिला. दाबणं कमी-जास्त करता येतं. मेहुलने विचारलं, थोडं कमी करून वाजवून बघायचं का? म्हणजे हाताला सवय लागेल. मी म्हटलं, तू तुझं बघ. घरी येऊन गुपचूप कमी केलं. थोडं ओबडधोबड वाजलं, पण वाजलं.

१३ एप्रिल, रविवार

आता मेहुल प्रॅक्टिसला जवळजवळ वाजवतच नाही. मांडी घालून बसतो, बघतो आणि कधीतरी एखादी तार छेडतो. त्याला कळलंय वाटतं की मूळ मालक परत आला. मला थोडं वाईटही वाटलं. महिनाभर दर रविवारी यायची हौस त्याने आमच्यासाठीच केली ना. त्याला म्हटलं, हळदीला जेवायला घरच्यांना घेऊन ये. खूप खुश झाला.

प्रियदर्शिनी मॅडमनी आज चिमट्यांचा डबा काढून घेतला. म्हणाल्या, "याचं काम संपलं." मी त्यांना वाडीतल्या चिकूंची पिशवी दिली. नको नको म्हणत घेतली.

२७ एप्रिल, रविवार

अंगणात मांडव चढला. लाइटवाल्याला बजावून सांगितलं, माझ्या बहिणीची हळद आहे, कोपऱ्यात अंधार दिसता कामा नये. तो म्हणाला, दिवसासारखं करून देतो. माझी डबी कुठे ठेवायची तेही ठरलं. खाली जमिनीवर कोण बघणार? विश्रामच्या कॅसिओशेजारी स्टुलावर ठेवणार, सगळ्यांना आतलं काम दिसेल अशी.

जागृतीने आज विचारलं, "दादा, होईल ना रे?" पहिल्यांदाच विचारलं. इतके दिवस हट्ट करणाऱ्या बाईसाहेबांचा आवाज एकदम बारीक. म्हटलं, होणार म्हणजे होणारच. ती माझ्या दंडाला डोकं टेकून थोडा वेळ उभी राहिली. आत भांड्यांचा आवाज चालला होता म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलावं लागलं असतं.

३० एप्रिल, बुधवार. पहाटे

आज लग्न आहे. सगळे उठायच्या आत कालचं लिहून काढतो, नाहीतर चित्त थाऱ्यावर येणार नाही.

काल दिवेलागणीच्या आधी गोदूबाई धवलारीण बसली. तिने धवले म्हटले, पाच सुवासिनींनी हळद लावली आणि मग विश्रामने आम्हाला खूण केली. पहिलं गाणं झकास गेलं. अजून उजेड होता पण ऊन उतरलेलं, डबी मांडवाच्या सावलीत होती. बायका नाचायला उठल्या. मी म्हटलं, जिंकलं.

मग लाइटवाल्याने चारी कोपऱ्यांवरचे फ्लडलाइट लावले. त्याने शब्द पाळला, अगदी दिवसासारखं केलं. दुसरं गाणं सुरू. ऑक्टोपॅडचा दणका, बायकांच्या टाळ्या, आणि त्यावर गिटार अशी गात होती की मी हवेत होतो. एकही सूर खाली नाही. मनात म्हटलं, केदार, मर्दा, हात परत आला तुझा!

तेवढ्यात हेमाली आणि तिच्या मावशा हळदीची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या दोन्ही गालांना थापली. डोळ्यात गेली. मी पुसायला उजवा हात वर उचलला.

आणि गिटार वाजतच राहिली.

हात माझ्या डोळ्यावर. तार कोणी छेडत नाही. आणि मांडवभर माझी चाल चाललेली, माझ्याच लकबीने, जिथे मी थोडा थांबतो तिथे थांबून. मी वळून बघितलं. मेहुल मागे उभा राहून वाजवत होता. माझा हात वर गेलेला त्याला दिसला आणि त्याचं तोंड असं उतरलं की चोरी पकडल्यावर माणसाचं काय उतरेल.

गाणं संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. बायका नाचत होत्या, त्यांना काय. संपल्यावर त्याच्याजवळ गेलो. "कधीपासून?"

तो खाली मान घालून म्हणाला, "पहिल्या प्रॅक्टिसपासून. तुमचा अंगठा राहिला की तेवढा सूर मी द्यायचो. बस, तेवढाच. पण केदारभाई, कसम से, दर रविवारी कमी कमी होत गेलं. मागच्या प्रॅक्टिसला तर दोन-तीनदाच. आज लाइट लागले आणि तुमचं एकदम काहीच येईना, म्हणून पूर्ण घेतलं. जागृतीताईची हळद थांबली असती."

काय वाटलं ते सांगतो. आधी वाटलं, याच्या डोक्यात गिटार घालावी. दीड महिना मी ज्याला डबीची कमाल समजत होतो ती हा माणूस समोर मांडी घालून माझी बोटं बघत करत होता! आणि विश्रामला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं बहुधा. लाज वाटली. गालावरच्या हळदीमुळे तोंड दिसलं नाही एवढंच बरं. आणि मग त्याचं ते शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं. दर रविवारी कमी कमी. म्हणजे हात खरंच परत येतोय. माझ्याहून त्याला जास्त माहीत होतं ते.

पण मग डबीला काय झालं? मी तार छेडली. खरंच, काही नाही. मेल्यासारखी. समोर पाटावर जागृती पिवळीधमक होऊन बसलेली, माझ्याकडेच बघत होती. विश्राम म्हणाला, "आता? लोकं थांबलीत."

मी स्टुलावर वाकलो. वाकताना हात तारेवरून घसरला आणि गिटार अशी गर्जली की गोदूबाईने कानांवर हात ठेवले. सरळ झालो, गप्प. परत वाकलो, गर्जना. मी असा दोनदा-तीनदा वर-खाली झालो. लोकांना वाटलं नाचतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ट्यूब पेटली. उजेड! आत एलडीआर, त्याला उजेड पडला की आवाज अर्थिंगला. त्याच्यावर मी काय चढवलं? पारदर्शक स्लीव्ह. वर काय लावलं? पारदर्शक झाकण. आणि लाइटवाल्याला काय सांगितलं? अंधार दिसता कामा नये! ओटीवरसुद्धा हेच झालं होतं आणि मी बाबांच्या बोर्डाला शिव्या दिल्या. सोळा वर्षं झाकण न उघडता आतलं काम दाखवायचा नियम पाळला, आता भोगा. मी हसत सुटलो. हेमालीला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

तेवढ्यात माई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काय झालं रं? वाजव की!" ती नेमकी लाइट आणि स्टूल यांच्या मधे उभी. तिची सावली डबीवर. मी तार छेडली, स्वच्छ सूर!

"माई, हलू नकोस! अज्जिबात हलू नकोस!"

"का रं?"

"तुझी सावली पाहिजे मला."

ती तांब्या कमरेला धरून तशीच उभी राहिली.

मी मेहुलला म्हटलं, "हे गाणं माझं. तू हात काढ." त्याने गिटार खांबाला टेकवून ठेवली आणि हात मागे बांधले. विश्रामने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. जागृतीला लहानपणापासून आवडते ती चाल धरली.

अंगठा राहिला. पहिल्या कडव्यातच राहिला, सगळ्या मांडवाने ऐकला. परत राहिला. कोणी भरून काढायला नव्हतं, तिथे नुसतं भोक. डबी तरी किती उचलणार? जो सूर लागलाच नाही तो तिला कुठून मिळणार? पण जे लागले ते माझे होते. लंगडत का होईना, चाल पुढे गेली. जागृती पाटावरून उठली. नवरीने उठायचं नसतं, गोदूबाई ओरडली, पण ती उठली आणि हळदीच्या अंगाने माझ्यासमोर येऊन नाचायला लागली. रडत होती आणि नाचत होती. मीही रडत होतो. काय लपवायचं?

दुसरं कडवं संपलं. पूर्ण गाणं एकट्याने नेता आलं असतं. खोटं नाही, आलं असतं. पण मान वळवून बघितलं तर मेहुल तसाच, हात मागे बांधून, डोळे माझ्या अंगठ्यावर. ओठ हलत होते त्याचे. मी ज्या ज्या जागी चुकत होतो तिथे त्याची मान आपोआप पुढे येत होती. असा माणूस कोणाला मिळतो? माझ्या हाताची काळजी माझ्या बायको-बहिणीनंतर जर कोणी इतकी केली असेल तर ती ह्याने. आणि मी त्याला बोटं चोरणारा म्हटलं, ह्याच वहीत लिहून ठेवलंय.

मी ओरडलो, "मेहुल, ये रे!"

तो आला. तिसरं कडवं आम्ही दोघांनी वाजवलं. आता मला माहीत होतं तो कुठे आहे ते, तर जास्तच मजा आली. अंगठा राहायचा, तो सूर द्यायचा, मी हसायचो, तोही हसायचा.

मधेच कोणीतरी डबीवर काळा टॉवेल टाकला, आता सावलीची गरज नव्हती. मी माईला खूण केली की बस जाऊन. तिला बहुतेक कळलं नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत ती तांब्या धरून तिथेच उभी होती.

हेमाली उठली. लग्नाची गडबड सुरू झाली. आज वाजवायचं नाही, आज फक्त बहीण द्यायची आहे.

४ मे, रविवार

जागृती वाणगावला सुखात आहे. फोनवर म्हणाली, तिकडे सगळे हळदीचं गाणं विचारतात. निघताना माझ्या गळ्यात पडून एवढंच बोलली होती, "दादा, मला बेंजो नको असं कधी वाटलंच नव्हतं रे." मी म्हटलं, अगं पण तूच तर म्हणाली होतीस! ती रडता रडता हसली. मुलींचं खरंच कळत नाही.

माईचे गुडघे सुजलेत. लग्नाची धावपळ, दुसरं काय. हेमाली शेकून देते. मी आज पायांना तेल लावून दिलं, उजव्या हाताने. माई म्हणाली, "जोर आला रं हाताला."

डबी उघडली. पारदर्शक स्लीव्ह कापून काळी चढवली. झाकण मात्र तेच ठेवलंय, काम दिसायला नको?

दुपारी विश्रामचा फोन आला. मुरब्याला पुढच्या शनिवारी हळद आहे. जरा घुटमळतच विचारलं त्याने, "तू येशील का मेहुलला सांगू? एकालाच जागा हाय टेम्पोत."

मी म्हटलं, आम्ही बाईकने येतो. दोघं.